मेणवाल्यांचा मंगळवार

माझ्या सासूबाईंच्या नाकावर माशी बसलेली कुणी पाहिली नसेल, पण मधमाशांच्या मेणाशिवाय त्यांचं पान हलत नाही.

आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मलमांचं काम चालतं. रस्त्याकडच्या खोलीत फळ्यांवर पत्र्याच्या चपट्या डब्या मांडलेल्या. मागच्या खोलीत दोन शेगड्या, थर्मामीटर, खिडकीशी लांब टेबल आणि त्यावर पितळी वजनकाटा. आई (मी त्यांना आईच म्हणते) तीस वर्षं एका औषधांच्या दुकानात कामाला होत्या. त्या काळी डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे मलमं दुकानातच घोटली जायची. दुकान बंद झालं तेव्हा मालकांनी सगळ्यांना विचारलं, आठवण म्हणून काय नेता? कुणी खुर्ची नेली, कुणी कपाट. आईंनी वजनकाटा आणला, आणि महिन्याभरात घरात मलम घोटायला सुरुवात केली.

आम्ही तीनच वस्तू करतो. ओठांचं मलम, टाचांच्या भेगांचं मलम आणि कोल्ड क्रीम. पहिली दोन सोपी आहेत. मेण तेलात वितळवायचं, डब्यांत ओतायचं, गार होऊ द्यायचं. कोल्ड क्रीमचं तंत्र वेगळं. एका भांड्यात बदामाच्या तेलात मेण वितळवायचं, दुसऱ्यात गुलाबपाण्यात टाकणखार म्हणजे बोरॅक्स विरघळवायचा, आणि दोन्ही सारखीच गरम झाली की बारीक धारेने एकात एक ओतत फेटत राहायचं. मेणात अंगचाच एक आंबटपणा असतो. तो टाकणखाराला भेटला की एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या तेल-पाण्याचं सूत जमतं, आणि पिवळट पाण्याचं बघता बघता पांढरंशुभ्र क्रीम होतं. लग्नानंतर मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. आई म्हणाल्या, "टाळ्या काय वाजवतेस, हात चालव. गार होईपर्यंत थांबलीस की गेलं."

मेण यायचं मेणवाल्या काकांकडून. काका म्हणजे निवृत्त पोस्टमन. शहराबाहेर, बसच्या शेवटच्या थांब्यापाशी त्यांचं छोटं घर, आणि मागच्या अंगणात मधमाशांच्या सहा पेट्या. बायको जाऊन आठ वर्षं झालेली, मुलगी परदेशात. दर दुसऱ्या मंगळवारी सकाळी दहाच्या ठोक्याला ते यायचे. खाकी पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या मेणाच्या वड्या. घरातल्या वाडग्यांतच मेण ओतलेलं, त्यामुळे वड्यांना वाडग्यांचा आकार.

मग परीक्षा सुरू व्हायची. आई वडीचा तुकडा मोडायच्या, मोडलेली बाजू उजेडात धरून दाणा बघायच्या, हुंगायच्या, आणि शेवटी चिमूटभर तोंडात टाकून चावायच्या. खरं मेण दाताला चिकटत नाही, असं त्यांचं म्हणणं. काका समोर निकालाची वाट बघणाऱ्या विद्यार्थ्यासारखे टोपी हातात धरून उभे.

"या खेपेला धुराचा वास जास्त आहे," आई म्हणायच्या.

"माशांना सांगतो, सिगरेटी कमी करा म्हणून."

"थट्टा नको. ओठांना लावतात लोक हे."

मग चहा. मग दुसरा चहा. कुठल्या गल्लीतल्या कुठल्या घराचा कुत्रा पोस्टमनला चावत नसे पण शिक्षकांना चावत असे, इथपासून राणीमाशी म्हातारी झाली की कामकरी माशा काय करतात, इथपर्यंत गप्पा. दोघंही एकमेकांना अहो-जाहो करायचे. काका "बाई" म्हणायचे, त्या "मेणवाले" म्हणायच्या. पण मंगळवारी आईंचा एप्रन इस्त्रीचा असे आणि स्वतःच्या डबीतलं क्रीम चेहऱ्याला लावलेलं असे, एवढं मला दिसत होतं. पण सासूची चेष्टा करायलाही मुहूर्त लागतो.

थंडी सुरू झाली आणि एका सकाळी मोसमातलं पहिलंच कोल्ड क्रीम फुटलं.

फुटलं म्हणजे भांडं नव्हे, क्रीम. पांढरं व्हायचं ते झालंच नाही. वर तेलाचे डोळे, खाली पाणी, मधे मेणाच्या कण्या. आईंनी परत गरम केलं, परत फेटलं. परत तेच. दुसऱ्या दिवशी सगळं नव्याने वजन करून घेतलं, तरी तेच. तीस वर्षांत एकदा त्यांच्या हातून क्रीम फुटलं होतं, ते मालकांच्या मुलाच्या लग्नाच्या दिवशी, घाईत. त्याचीही गोष्ट त्या शंभरदा सांगत.

"टाकणखार जुना असेल," मी म्हटलं. नवा आणला. फुटलं.

"तेल बदलू या." बदललं. फुटलं.

चौथ्या दिवशी आईंनी वजनं माझ्यापुढे सरकवली. "तू मोज. मी मोजते आणि विसरते बहुतेक."

आईंच्या आईला शेवटची सहा वर्षं काही आठवत नव्हतं. आधी मिठाचा डबा कुठे ठेवला ते विसरली, मग घराचा रस्ता, मग मुलींची तोंडं. आईंनीच तिचं सगळं केलं होतं. तेव्हापासून चष्मा सापडला नाही तरी त्या घाबरतात. आता मात्र त्या घाबरल्याचंही दाखवत नव्हत्या. संध्याकाळी बघितलं तर भिंतीवर कागद चिकटवलेला होता. मेण इतके ग्रॅम, तेल इतके, पाणी इतकं. जे त्यांना झोपेतही पाठ, ते त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं. खाली बारीक अक्षरात, "शेगडी बंद करणे."

मी बाहेरच्या खोलीत जाऊन उगाच डब्या पुसत बसले.

त्याच आठवड्यात आमच्या नेहमीच्या नर्सबाई आल्या. दिवसातून पन्नास वेळा हात धुवावे लागतात, त्यामुळे त्यांच्या बोटांना कायम चिरा, आणि आमच्या टाचांच्या मलमाशिवाय त्यांचं चालत नाही. त्यांनी डबी काउंटरवर ठेवली.

"वाईट वाटून घेऊ नका, पण या वेळचं नुसतं वर बसतंय. मेणबत्ती फासल्यासारखं. आत काही जात नाही."

मेणबत्ती. तो शब्द माझ्या डोक्यात अडकून बसला. त्या मलमात ना पाणी, ना टाकणखार, ना फेटाफेट. तेल आणि मेण, बस. तेल तर बदललं होतं.

मी मागच्या खोलीत जाऊन सगळे डबे उपसले. एका बरणीच्या तळाशी गेल्या वर्षीच्या मेणाचा सुपारीएवढा तुकडा सापडला. तो आणि नवा तुकडा शेजारी ठेवले. वास दोन्हींना होता, पण जुना मोडला तर खरबरीत, नवा गुळगुळीत, बोटाला तेलकट. मी आईंना हाक मारली. त्यांनी दोन्ही पाहिले. काचेच्या पेल्यात स्पिरिट ओतलं, त्यात थोडं थोडं पाणी घालत गेल्या, जुना तुकडा जेमतेम बुडेल इतपत. मग नवा तुकडा सोडला.

तो वर आला. आईंनी चमच्याने खाली ढकलला. सोडल्याबरोबर पुन्हा वर आला.

"पॅराफिन आहे यात, मेणबत्तीचं मेण. खऱ्या मेणाहून हलकं असतं ते," आई म्हणाल्या. "निम्म्याच्या वर. कसं जमेल क्रीम? टाकणखाराशी गाठ पडायला याच्यात आंबटपणा आहे कुठे!"

त्या स्टुलावर बसल्या. "म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे," त्या हळूच म्हणाल्या, आणि माझा हात धरून ठेवला. माझाही जीव भांड्यात पडला. आम्ही दोघी हसलो, थोड्या रडलोही. मग त्या एकदम थांबल्या.

"पण मी चावून बघितलं नाही. गेल्या चार-पाच खेपांना मी तुकडा मोडलाच नाही. ते आले की आपलं बोलणंच सुरू होतं." त्यांनी पेल्याकडे पाहिलं. "त्यांनी असं का करावं गं?"

मंगळवारची वाट बघायची नाही असं त्यांनी ठरवलं. दुपारच्या बसने आम्ही शेवटच्या थांब्याला उतरलो. पत्ता विचारावा लागला नाही. पोस्टमनचं घर तिथे कोण ओळखत नाही? फाटक उघडं होतं. मागच्या अंगणात सहा पेट्या ओळीने, प्रत्येकीला वेगळा रंग. मी मधमाशांना घाबरते, म्हणून फाटकाशीच थबकले. मग लक्षात आलं, कुठे काही गुणगुणत नव्हतं. ऊन चांगलं होतं, कुंपणाला फुलं होती, आणि पेट्यांच्या दारांशी कोळिष्टकं.

काका मोडक्या खुर्चीत बसून रिकामी चौकट खरवडत होते. पोळं जिथे असायचं तिथे किड्यांची जाळी. आम्हाला पाहून ते उठले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला. तो आनंद मी पाहिला, म्हणून सांगते. मग आईंच्या हातातला मेणाचा तुकडा त्यांना दिसला आणि चेहरा उतरला.

"कधी मेल्या?" आईंनी विचारलं.

"पावसाळा संपताना. अंगावर लाल किडा पडला. आधी दोन पेट्या, मग सगळ्याच. पंधरा दिवसांत."

"मग हे मेण?"

"मेणबत्तीवाल्याकडून. तो म्हणाला, शुद्ध आहे." काका थांबले. "नाही. खोटं कशाला बोलू? मला शंका आली होती. वास नव्हता त्याला. म्हणून वितळवताना आमचं जुनं पोळं थोडं घातलं. वासापुरतं."

आईंना ते शेवटचं लागलं. मेणबत्तीवाल्याने फसवलं असतं तर त्या चार शब्द बोलून मोकळ्या झाल्या असत्या.

"वासापुरतं," त्या म्हणाल्या. "मेणवाले, आठवडाभर मी माझ्या आईसारखी होत चालले आहे असं समजून चाललेय. भिंतीवर कागद लावलाय मी. शेगडी बंद करायचा कागद!"

काकांना त्या आईची गोष्ट ठाऊक होती. दुसऱ्या चहाच्या वेळी कधीतरी आईंनीच सांगितलेली. त्यांच्या हातातली चौकट खाली पडली.

"बाई, मला मेण विकायचं नव्हतं हो," ते म्हणाले. "मला यायचं होतं. रिकाम्या हाताने कसं यायचं, ते सुचेना."

आई वळल्या. परतीच्या बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. चूक होती, लबाडीही होती, पण त्या माणसाचा राग मला नीट धरवत नव्हता. आईंनाही धरवत नसावा, कारण घरी आल्यावर त्यांनी भिंतीवरचा कागद काढला तो रागाने फाडून नव्हे, कोपऱ्यांना चिकटपट्टीचा डाग राहू नये म्हणून नखाने सावकाश सोडवून.

मग प्रश्न उरला विकल्या गेलेल्या डब्यांचा. आमच्या वहीत नेहमीच्या गिऱ्हाइकांची नावं-पत्ते असतात. त्या मेणाच्या बहात्तर डब्या गेल्या होत्या. आई म्हणाल्या, सगळ्या परत घ्यायच्या, बदलून द्यायच्या. पण नवं मेण मिळेपर्यंत देणार काय, आणि बहात्तर दारांत जाणार कोण? माझे यजमान मालगाडीवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. आईंचे गुडघे जिन्यांपुढे हात टेकतात.

दुसऱ्या दिवशी मी भाजी आणायला म्हणून बाहेर पडले तर काका कोपऱ्यावरच्या चांभाराच्या दुकानाशी उभे. घरापर्यंत यायचा धीर नव्हता.

"सूनबाई, बाई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. डब्या परत कशा आणायच्या, त्या काळजीत आहेत."

"पत्ते आहेत?"

मी एक क्षण विचार केला. मग घरी येऊन वहीतले पत्ते उतरवून काढले आणि कागद त्यांच्या हातात दिला. सासूला न विचारता केलेलं माझं ते पहिलंच मोठं काम. काकांनी कागदावरून नजर फिरवली आणि तिथल्या तिथे पेन्सिलने आकडे घालायला लागले. कुठलं घर आधी, कुठलं नंतर. चाळीस वर्षं ते याच रस्त्यांवरून फिरले होते.

पुढचे आठ-नऊ दिवस आमच्याकडे माणसं यायला लागली, तक्रार घेऊन नव्हे, चौकशी करायला. शिंपीणबाई म्हणाल्या, "अहो, तुमचे पोस्टमन आले होते. दारात टोपी काढून म्हणाले, या डबीतलं मेण खोटं आहे, दोष माझा, बाईंचा नाही, डबी परत द्या. मी त्यांना बसा म्हटलं तर बसले नाहीत." दाताच्या डॉक्टरांनी दवाखान्यातून चिठ्ठीच पाठवली: डबी परत केली आहे, नवी कधी? नर्सबाई आल्या त्या हसतच. "तिसऱ्या मजल्यावर चढून आले. मी म्हटलं, फोन तरी करायचा! तर म्हणतात, माफी फोनवर मागत नाहीत."

आई प्रत्येकीचं ऐकून घेत. माझ्याकडे एकदाच बघितलं. "पत्ते कुणी दिले?"

"वही उघडीच होती," मी म्हटलं.

"वहीला पाय फुटले वाटतं," त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यावर सोडून दिलं.

मंगळवारी दहा वाजता दार वाजलं. काका दारात. खांद्याला जुनी टपालाची पिशवी, पट्ट्याला शिवण घातलेली. आत न येता त्यांनी पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवली.

"एकोणसत्तर आहेत. दोघी गावाला गेल्यात, पुढच्या आठवड्यात येतील. एका आजीबाईंनी परत द्यायला नकार दिला. त्या म्हणतात, मला चांगली वाटते." ते वळले.

"कुठे निघालात?" आई आतून म्हणाल्या.

"घरी."

"मेण नसलं तर यायचं नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

काका पाठमोरेच उभे राहिले. "कुणी नाही."

"मग? इतकी वर्षं दारोदार चिठ्ठ्या वाटल्यात. स्वतःची एक लिहिता आली नाही? 'माशा मेल्या, मन लागत नाही, चहाला येतो.' एवढंच लिहायचं होतं."

त्यावर काकांनी काय करावं? ते रडले. रस्त्यात, टोपी घातलेली, पुरुषासारखा पुरुष. आईंनी त्यांना हाताला धरून आत आणलं, स्टुलावर बसवलं, आणि मी पाणी आणायच्या निमित्ताने जी गेले ती चांगल्या अर्ध्या तासाने बाहेर आले. दरम्यान आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. चहा मात्र दोघांनी मिळून केला होता आणि तो उतू गेलेला होता.

पुढे काम मार्गी लागलं. काकांनी डोंगराकडच्या एका ओळखीच्या मधवाल्याचं मेण मिळवून दिलं. ते कच्चं येई, माशांचे पंख, कचरा सगळ्यासकट. आता काका मंगळवार-शुक्रवार येऊन ते गरम पाण्यात वितळवतात, जाड कापडातून गाळतात. पहिली वडी निघाली तेव्हा त्यांनी स्वतः तुकडा मोडून चावला, मग आईंनी चावला, मग माझ्यापुढे धरला. त्या दिवशी क्रीम असं जमलं की चमचा उभा राहिला. परतीच्या डब्यांतलं मलम उरलेल्या खोट्या मेणात वितळवून आम्ही त्याच्या मेणबत्त्या केल्या आणि वाटून टाकल्या. जे मूळचं मेणबत्तीचं, ते मेणबत्तीत गेलं.

आणि मग, झाडांना नवी पालवी फुटली तेव्हा, दाताच्या डॉक्टरांचा घाबरा फोन आला. दवाखान्याच्या पाटीला मधमाशांचा घोळका लटकलाय, पेशंट रस्त्यावर उभे आहेत, पोस्टमनना पाठवा.

काका रिकामी पेटी घेऊन आले. आई म्हणाल्या, मीही येते. मी म्हटलं, मग मलाही यावं लागेल. पाटीखाली कलिंगडाएवढा तपकिरी गोळा लोंबत होता, आणि तो हलत होता. मी रस्त्यापलीकडे उभी राहिले. आईंनी मात्र शिडी धरली. काकांनी वर चढून पेटी गोळ्याखाली धरून पाटीला एक हिसका दिला, गोळा धपकन आत पडला, आणि हवेत शे-दोनशे माशा उडाल्या. एक आईंच्या नाकावर बसली. होय, नाकावरच. आई हलल्या नाहीत, डोळे तिरपे करून तिच्याकडे बघत राहिल्या, आणि काका वरून हलक्या आवाजात सांगत होते, "बाई, काही करू नका, ती जाईल आपली आपण." ती गेली.

संध्याकाळपर्यंत थांबून, उरलेल्या माशा आत शिरल्यावर पेटीचं तोंड जाळीने बांधलं आणि आम्ही बसमध्ये चढलो. पेटी आईंच्या मांडीवर. कंडक्टरने विचारलं, काय आहे? आई म्हणाल्या, "औषध." तो पुढे गेला.

"वर्षभर यांच्याकडून काही घ्यायचं नाही हं," काका म्हणाले. "नवं बिऱ्हाड आहे. त्यांचं त्यांना पुरू दे."

"मी कुठे मागतेय," आई म्हणाल्या. त्यांनी तळहात फळीवर ठेवला होता. "गरम लागतंय हो."

"जीव आहे ना आत."

आमचा थांबा आला. मी उठले, पिशवी घेतली, दांडा धरला. मागे बघितलं तर आई जागच्या जागी बसलेल्या.

"आई, आपला थांबा."

"तू हो पुढे," त्या म्हणाल्या. "मी पेटी पोचवून येते. यांच्या एका हातात शिडी आहे."

शिडी डॉक्टरांची होती, ती दवाखान्यातच राहिली होती. काकांचे दोन्ही हात मोकळे होते. मी खाली उतरले, आणि बस शेवटच्या थांब्याकडे निघून गेली.